गाडीला ठिणगी देणाऱ्या माणसानेच पेट्रोलमध्ये शिसं आणलं

जुनी जग्वार ई-टाइप किंवा एमजीबी चालू होईना, की मेकॅनिक आधी डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडतो. आतले पॉइंट घासायचे, गॅप साधारण 0.4 मिलिमीटर ठेवायची आणि टायमिंग लावायचं. आपल्या पद्मिनीलाही हेच लागायचं.

ही पद्धत रुळवली चार्ल्स केटरिंगने.

जन्म 1876 चा, अमेरिकेतल्या ओहायोतल्या शेतकरी घरातला. डोळे इतके अधू की कॉलेज मध्येच सोडावं लागलं. तरी पठ्ठ्याने 1904 मध्ये इंजिनीअरिंगची डिग्री घेतलीच. नोकरी लागली गल्ल्याची मशिन बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसवली.

संध्याकाळी मात्र मित्राच्या कोठारात गाड्यांवर काम चालायचं. तिथेच त्याचं इग्निशन तयार झालं. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, हजारो व्होल्ट तयार होतात आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडते. कॅडिलॅकने ते आपल्या गाड्यांना बसवलं. 1912 च्या कॅडिलॅकला तर त्याचा सेल्फ-स्टार्टरही आला. तोवर हँडल मारून गाडी चालू करावी लागायची आणि ते उलटं फिरलं की हात मोडायचा.

पण इंजिनं ठोकू लागली. लोकांनी खापर फोडलं केटरिंगच्या इग्निशनवर. खरा दोष होता पेट्रोलचा, ते वेळेआधीच भडकायचं. हे सिद्ध करायला त्याने थॉमस मिजलीला कामाला लावलं. 1921 मध्ये उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. ठोकणं थांबलं.

1924 मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवणारे 5 कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. इतर अनेकांना भ्रम झाले. तरी धंदा कायमचा थांबला नाही. हे पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता.

पुढे 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅन्सर संशोधन संस्थेला त्याचं नाव मिळालं. 1958 मध्ये तो गेला. शिशाचा धूर मात्र मागे राहिला आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करत राहिला. भारतात हे पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं, जगातून 2021 मध्ये.

आज जुन्या स्पोर्ट्स कारचं टायमिंग अनेकदा थोडं मागे घ्यावं लागतं, कारण ती गाडी शिशाच्या पेट्रोलसाठी बनली होती. केटरिंगच्या पॉइंटवर काम करताना त्याने सोडलेला दुसरा वारसाही असा निस्तरावा लागतो.