जीन सॅराझेन

जीन सॅराझेन (मूळ नाव: युजेनिओ साराचेनी, जन्म: २७ फेब्रुवारी १९०२, हॅरिसन, न्यूयॉर्क, मृत्यू: १३ मे १९९९, नेपल्स, फ्लॉरिडा) हे अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटू होते. गोल्फमधील चारही प्रमुख आधुनिक स्पर्धा कारकिर्दीत जिंकणारे ते पहिले खेळाडू होत. वाळूच्या खड्ड्यातून, म्हणजे बंकरमधून, चेंडू बाहेर काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सँड वेज या काठीला आजचे रूप देण्याचे श्रेयही सामान्यतः त्यांना दिले जाते.

प्रारंभिक जीवन

सॅराझेन यांचे आईवडील इटलीतून अमेरिकेत स्थलांतरित झालेले होते. घरची परिस्थिती हलाखीची होती. वडील सुतारकाम करीत आणि मुलानेही तोच व्यवसाय करावा असा त्यांचा आग्रह होता. मुलगा मात्र लहानपणीच परिसरातील गोल्फ क्लबांमध्ये कॅडी म्हणून खेळाडूंच्या पिशव्या वाहू लागला. किशोरवयात त्यांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाला. त्यातून ते कसेबसे वाचले. मोकळ्या हवेत काम करण्याच्या वैद्यकीय सल्ल्यामुळे सुतारकाम सुटले आणि गोल्फचा मार्ग मोकळा झाला. साराचेनी हे नाव व्हायोलिनवादकाला शोभणारे आहे, असे वाटल्याने त्यांनी स्वतःच सॅराझेन हे नाव घेतले. त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट होती.

कारकीर्द

१९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, सॅराझेन यांनी स्कोकी येथे यू.एस. ओपन जिंकली. त्याच वर्षी ओकमाँट येथील पीजीए अजिंक्यपदही त्यांनी मिळवले. १९२३ च्या पीजीए अंतिम सामन्यात त्यांनी त्या काळचे सर्वांत नामांकित व्यावसायिक वॉल्टर हेगन यांना ३८ व्या होलवर हरवले. मात्र त्याच वर्षी ट्रून येथील ब्रिटिश ओपनसाठी ते पात्रही ठरू शकले नाहीत. त्यानंतर १९३२ पर्यंत एकही प्रमुख स्पर्धा त्यांच्या हाती लागली नाही. लांब फटक्यांत ते कमी नव्हते. बंकरमधील खेळ हे आपले मोठे दुखणे आहे, हे ते स्वतः जाणून होते.

१९२८ मध्ये रॉयल सेंट जॉर्जेस येथील ब्रिटिश ओपनमध्ये ते हेगनपेक्षा दोन फटक्यांनी मागे राहून दुसरे आले. या स्पर्धेत डॅनियल्स या अनुभवी स्थानिक कॅडीचा सल्ला डावलून त्यांनी गवतातून लाकडी काठीने खेळण्याचा हट्ट धरला होता, आणि त्या एका होलवर सात फटके खर्ची पडले. चार वर्षांनी स्पर्धा शेजारच्याच प्रिन्सेस मैदानावर आली, तेव्हा डॅनियल्स वृद्ध झाले होते आणि त्यांची नजरही अधू झाली होती. सॅराझेन यांनी आधी दुसरा, तरुण कॅडी घेतला. सराव बिघडत गेल्यावर त्यांनी डॅनियल्स यांनाच परत बोलावले. पहिल्या फेरीपासून अखेरपर्यंत आघाडी राखत त्यांनी २८३ फटक्यांचा तत्कालीन विक्रम नोंदवला आणि पाच फटक्यांनी स्पर्धा जिंकली. काही महिन्यांतच डॅनियल्स यांचे निधन झाले.

काही आठवड्यांतच फ्रेश मेडो येथील यू.एस. ओपनही त्यांनी जिंकली. तेथे शेवटचे २८ होल त्यांनी १०० फटक्यांत पूर्ण केले, तर अंतिम फेरी ६६ फटक्यांची होती. १९३३ मध्ये तिसरे पीजीए अजिंक्यपद आले. १९३५ च्या ऑगस्टा येथील मास्टर्समध्ये तीन फटक्यांनी पिछाडीवर असताना त्यांनी पंधराव्या होलवर सुमारे २३५ यार्डांवरून दुसराच फटका थेट होलमध्ये घातला. एका फटक्यात पिछाडी भरून निघाली. दुसऱ्या दिवशी क्रेग वूड यांच्याविरुद्धच्या ३६ होलांच्या निर्णायक लढतीत ते पाच फटक्यांनी विजयी झाले. हा फटका त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला असला, तरी खेळावर अधिक खोल परिणाम त्यांच्या सँड वेजनेच केला.

सँड वेज

त्या काळी बंकरमध्ये निब्लिक ही लोखंडी काठी वापरत. तिची पुढची कड धारदार आणि तळ अरुंद असल्याने ती वाळूत कुदळीसारखी रुतत असे. टेक्सासच्या एडविन मॅक्लेन यांनी वाटीसारख्या अंतर्वक्र तोंडाची काठी तयार केली होती. हॉर्टन स्मिथ आणि बॉबी जोन्स यांनीही तिचा वापर केला. परंतु तिच्यामुळे एकाच फटक्यात चेंडूला दोनदा स्पर्श होण्याची शक्यता असल्याने १९३१ मध्ये तिच्यावर बंदी आली. त्यामुळे सॅराझेन यांना सँड वेजचे एकमेव जनक म्हणणे काटेकोर ठरत नाही. तोंड सपाट ठेवून तळ बदलणे ही मात्र त्यांची कल्पना होती.

विमानाच्या उड्डाणावेळी शेपटीकडील पट्ट्यांची हालचाल पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. १९३१-३२ च्या हिवाळ्यात फ्लॉरिडातील न्यू पोर्ट रिची येथे त्यांनी निब्लिकच्या तळाला झाळकाम करून धातूचा जाड थर चढवला. तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली आली. चेंडूच्या मागे वाळूत उतरलेली काठी आता न रुतता घसरत पुढे जाई आणि वाळूच्या थरावर चेंडू उचलला जाई. प्रिन्सेस येथे ही काठी पंचांच्या नजरेस पडून बंदी येऊ नये म्हणून ते ती पिशवीत उलटी ठेवीत. पुढे विल्सन कंपनीने ती आर-९० या नावाने बाजारात आणली.

नवशिक्या खेळाडूसाठी वेजची निवड

वेज निवडताना आजही दोन कोन पाहिले जातात. तोंडाच्या कलाला लॉफ्ट म्हणतात, तर तळाच्या उताराला बाउन्स. नवशिके बहुधा लॉफ्टच पाहतात. सॅराझेन यांनी बदलला तो बाउन्स, आणि चुकीच्या फटक्याला सांभाळून घेतो तोही बाउन्सच. पिचिंग वेजचा लॉफ्ट सुमारे ४४ ते ४८ अंश, गॅप वेजचा ५० ते ५२, सँड वेजचा ५४ ते ५६ आणि लॉब वेजचा ५८ अंश वा अधिक असतो. पिशवीत १४ पेक्षा जास्त काठ्या ठेवता येत नाहीत. संचासोबत आलेला पिचिंग वेज आणि १० ते १४ अंश बाउन्स असलेला ५४ किंवा ५६ अंशांचा सँड वेज एवढ्यावर नवशिक्याचे काम भागते. ग्रीनजवळ जमिनीलाच आधी टोला बसणे ही त्याची नेहमीची चूक असते. रुंद तळ असल्यास ती बरीच झाकली जाते. लॉब वेज मोहक दिसतो, पण नवख्या हातात चेंडू ग्रीनपलीकडे उडवण्याचेच काम अधिक करतो.

जमीन कशी आहे, हेही महत्त्वाचे ठरते. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ मध्ये झाली होती. अँटॉप हिलपासून पूर्वेला काही किलोमीटरवर असलेल्या चेंबूरमध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. मुंबईसारख्या हवामानात पावसाळ्यात भिजून मऊ झालेल्या जमिनीवर अधिक बाउन्सची काठी सोयीची पडते. उन्हाळ्यात मैदान टणक झाल्यावर तीच काठी आपटून उसळते, आणि तेव्हा ६ ते ८ अंशांचा बाउन्स बरा.

उत्तरायुष्य

१९४० च्या यू.एस. ओपनमध्ये लॉसन लिटल यांच्याकडून निर्णायक फेरीत सॅराझेन यांचा पराभव झाला. १९५४ आणि १९५८ मध्ये त्यांनी ज्येष्ठांचे पीजीए अजिंक्यपद मिळवले. न्यूयॉर्क राज्यातील शेतीमुळे त्यांना 'द स्क्वायर', म्हणजे जमीनदार, हे टोपणनाव मिळाले. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीवरील गोल्फविषयक मालिकेमुळे ते नव्या पिढीलाही परिचित झाले. गुडघ्याखाली आवळलेल्या विजारी त्यांनी अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. १९७४ मध्ये जागतिक गोल्फ सन्मानगृहात त्यांचा समावेश झाला.

१९७३ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा ट्रूनला ब्रिटिश ओपन खेळले. पन्नास वर्षांपूर्वी याच मैदानावर त्यांची पात्रता हुकली होती. पोस्टेज स्टँप या आठव्या होलवर पहिल्या दिवशी त्यांनी एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर चेंडू बंकरमध्ये गेला. तेथून त्यांनी सँड वेजने तो थेट होलमध्ये पाठवला.