ग्रीक वाचायचे तर मिलिंदापासून

कर्जत-खालापूरकडच्या तरुणांना ग्रीक साहित्य आणि तत्त्वज्ञान वाचायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी? होमरपासून की प्लेटोपासून? माझे उत्तर वेगळे आहे. खोपोलीहून बोरघाट चढा आणि कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. तिथले अनेक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. यवन हे मुळात ग्रीकांचेच नाव. म्हणून सुरुवात करावी ती धम्माला शरण आलेल्या ग्रीक राजापासून, मिलिंदापासून.

ग्रीक त्याला मिनँडर म्हणत. पाली ग्रंथानुसार त्याचा जन्म अलसंद प्रदेशातील कलसी गावचा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास त्याने सागल येथून राज्य केले. सागल म्हणजे बहुधा आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी आहे.

मिलिंदाला वादविवादाचा मोठा नाद. भल्याभल्या पंडितांना त्याने निरुत्तर केले. मग भिक्खू नागसेन भेटले. त्यांनी अट घातली, की विद्वानासारखे बोलणार असाल तरच बोलू. विद्वान हरला तर चूक कबूल करतो, रागावत नाही. राजाला मात्र विरोध सहन होत नाही, तो शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मानली. न्यायालयात दोन्ही पक्ष समान असावेत हे आम्ही वकील शिकतो, ते याहून वेगळे काय आहे?

राजा ज्या रथातून आला, त्याचेच उदाहरण नागसेनांनी घेतले. चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे. सर्व भाग जुळले की त्याला रथ म्हणतात. माणसाचेही तसेच, आत वेगळा आत्मा नाही. राजाला पटले आणि तो उपासक झाला.

त्याच्या अखेरीबद्दल साक्षी जुळत नाहीत. पाली ग्रंथ सांगतो, मुलाला राज्य देऊन तो भिक्खू झाला. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, तो छावणीत वारला आणि शहरांनी त्याची रक्षा वाटून घेऊन स्मारके उभारली. तो चांगला राजा होता, हे मात्र प्लुटार्कलाही मान्य आहे.

१९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी याच राजाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. सत्ता हाती असूनही हार कबूल करणारा विद्यार्थी त्यांना हवा होता.

तेव्हा आधी ‘मिलिंदप्रश्न’ वाचा. मग प्लेटोचे ‘अपॉलॉजी’ घ्या. प्रश्न विचारणाऱ्या सॉक्रेटिसला अथेन्सने इसवी सनपूर्व ३९९ मध्ये मृत्युदंड दिला, त्या खटल्याचे हे पुस्तक. त्यानंतर ‘रिपब्लिक’. पण ते वाचताना बाबासाहेबांचे १९३६ सालचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ शेजारी ठेवा. माणसांचे तीन वर्ग पाडणाऱ्या प्लेटोची आणि चातुर्वर्ण्याची उलटतपासणी त्यात एकत्रच झाली आहे. ग्रीकांपुढे मान तुकवायची नाही आणि त्यांना परकेही मानायचे नाही. नागसेनांच्या अटीवर त्यांच्याशी वाद घालायचा.