साडेअकरा पौंडांचे विद्याधन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना, महाडचा सत्याग्रह आणि नागपूरची दीक्षाभूमी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु या साऱ्याच्या आधी ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. शिकण्याची जिद्द आहे, पण पैसा कोठून आणायचा, हा शिरूर-दौंड परिसरातील आपल्यापैकी अनेकांना पडणारा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले. पेन्शनवर मोठे कुटुंब चालवायचे. मुलगा कॉलेजात गेला, पण पुढचा खर्च झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले.

याच सुमारास बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. बाबासाहेबांनी महाराजांना भेटून आपली इच्छा सांगितली आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागणार, अशी अट होती. शिष्यवृत्ती म्हणजे नुसते दान नव्हते. तिला मुदत होती आणि तिच्यामागे बांधिलकी होती.

त्यांनी त्या मुदतीचे सोने केले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र हे विषय निराळेच. सार्वजनिक अर्थकारणाचे गाढे अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध तयार झाला. मात्र कोलंबियाच्या त्या काळच्या नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याखेरीज पदवी हाती पडत नसे. छपाईला पैसा हवा, आणि तोच नव्हता.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन्ही अभ्यास सुरू केले. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि जमवलेल्या ग्रंथांना जलसमाधी मिळाली.

करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात आश्रय घेतला, तेथूनही जमाव घालवून देण्यास आला. कोलंबियाचा हा पदवीधर मुंबईस परतला. पुढे १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शेताचा तुकडा लहान की मोठा एवढ्यावरून भागत नाही, त्याच्या जोडीला भांडवल आणि अवजारे किती आहेत हे पाहावे लागते आणि शेतीवरचा जादा भार उद्योगांनी उचलावा लागतो, असे त्यांनी मांडले. घोड आणि भीमेच्या काठी भाऊवाटणीत जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटली जाताना ज्याने पाहिली आहे, त्याला हा निबंध परका वाटणार नाही.

पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. घरी रमाबाई ओढाताणीत संसार रेटीत होत्या. १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपत आल्याने बाबासाहेबांनी ते काम मुंबईत बसून पुरे केले, आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून छापून निघाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. कोलंबियाची पीएच.डी. अखेर १९२७ मध्ये हाती आली. पहिल्या करारापासून तोवर चौदा वर्षे लोटली होती.

याच १९२७ सालच्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाला मानवंदना देण्यास आले होते. कोरेगाव आपल्याच शिरूर तालुक्यात, तर स्तंभ नदीपलीकडे पेरण्यास. मार्चमध्ये त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि जूनमध्ये पदवी मिळाली. विद्या आणि चळवळ त्यांच्या जीवनात अशी एकाच वर्षी हातात हात घालून चालली.

मित्रहो, आज परदेशी विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर पुष्कळदा फी माफ होते आणि निर्वाहवेतनही मिळते. त्याच्या बदल्यात अध्यापनात साहाय्य करावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाची संशोधनवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. संस्थानिकाच्या भेटीची गरज राहिलेली नाही. अर्ज मात्र आपणच करायचा असतो. त्यासाठी गणित पक्के करावे लागते, प्राध्यापकांची शिफारसपत्रे वेळेवर मागावी लागतात, आणि आपल्याला कोणत्या प्रश्नाचा छडा लावायचा आहे हे नेमके सांगता यावे लागते. तो प्रश्न शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचे प्रश्न भारतातील शेताच्या तुकड्यातून, प्रांताच्या तिजोरीतून आणि बाजारातल्या रुपयातूनच निघाले होते.