तानसाच्या जलवाहिनीपासून 'जलउषा'पर्यंत : शेठ वालचंद हिराचंद

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. पुढे मुंबईची तहान वाढत गेली. तानसाचे पाणी शहराकडे नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या टाकण्याचे काम ज्या कंपनीने केले, तिची सूत्रे सोलापूरच्या एका दिगंबर जैन गृहस्थांच्या हाती होती. भातसानगर परिसरातील समाजबांधवांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असेल. हे गृहस्थ म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. पिताश्री हिराचंद नेमचंद हे 'जैन बोधक' या मराठी मासिकाचे संस्थापक. घरात व्यापाराची प्रतिष्ठा होती, तशीच विद्येचीही. वालचंदजींनी मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले. मात्र पदवी हाती पडली नाही. पिढीजात पेढीवरही त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम अंगावर घेतले. व्यापारी घरातील मुलाने खडी, माती आणि मजुरांच्या मेळ्यात उभे राहणे त्या काळी वेगळेच होते.

पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या द्वारे बोरघाटातील रेल्वे बोगदे झाले, तानसाच्या जलवाहिन्या झाल्या. १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. साच्यात काँक्रीट घालून तो वेगाने फिरवला की मिश्रण कडेला घट्ट बसते आणि मजबूत नळ तयार होतो, ही मूळ ऑस्ट्रेलियातील युक्ती. शास्त्रातील एवढी लहान गोष्ट गावोगावच्या पाणीयोजनांना उपयोगी पडली. अर्थात नळ कोणत्या दिशेने जावा, हे शास्त्र ठरवीत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा आज एकट्या भातसा धरणात असतो. आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

शासनाच्या धोरणाशी शेठजींची खरी झुंज समुद्रावर झाली. सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. परकीय कंपन्यांनी भाडी पाडून तिची कोंडी केली. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित ठेवणारा करार स्वीकारावा लागला. ही माघारच होती, आणि ती त्यांना बोचत राहिली. देशाच्या किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, अशी मागणी मग कायदेमंडळापर्यंत गेली; तिला यश मात्र स्वातंत्र्यानंतरच आले. दरम्यान २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम् येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली, आणि तेथे बांधलेली 'जलउषा' १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

विमानांच्या बाबतीत घडले ते शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. युद्धामुळे सरकारने लवकरच ती ताब्यात घेतली. शेठजींचे स्वामित्व गेले, कारखाना राहिला. १९४२ मध्ये त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. दोन्ही ठिकाणी काम केलेले कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान रचले, आणि १९५१ मध्ये ते आकाशात झेपावले. कारखाना आधी उभा राहिला, वर्ग मागून भरले. विद्यार्थ्याला शिकून जायला जागा होती. शिक्षणसंस्था काढणाऱ्या दानशूरांनी हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

रावळगावची ओसाड जमीन आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय. वालचंदनगरच्या कारखान्यातून पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले, एवढे येथे पुरे.

आजारपणामुळे शेठजी शेवटच्या वर्षांत कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदजींचे नाव देण्यात आले.