तोलाचा डॉक्टर : रॉबर्ट बाराणी

कूस बदलली की खोली गरगर फिरते, अशी तक्रार आपल्या मंडळातले आजी-आजोबा माझ्याकडे करतात, तेव्हा मला डॉ. बाराणी आठवतात. इथे अमेरिकेत मी कानाच्या तोलाच्या तपासण्या करते; त्यातली एक त्यांचीच.

जन्म व्हिएन्नाचा, १८७६चा. लहानपणी हाडाच्या क्षयाने गुडघा कायमचा आखडला. पुढे डॉक्टर झाल्यावर, कान धुताना रोग्यांना चक्कर येते हे त्यांनी पाहिलं. एकाने पाणी फार गार म्हणून कुरकुर केली. पुढच्या खेपेला ते जरा जास्तच ऊन झालं, आणि डोळे उलट्या दिशेने झरझर हलू लागले! पाण्याच्या तापमानाने आतल्या कानातला द्रव हलतो, हे त्यांनी ओळखलं. त्यासाठी १९१४चं नोबेल १९१५मध्ये जाहीर झालं, तेव्हा स्वारी रशियाच्या कैदेत होती. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने १९१६मध्ये सुटका झाली. घरी परतले, तर सहकाऱ्यांनीच श्रेय लाटल्याचा आरोप केला. १९१७मध्ये त्यांनी स्वीडनमधलं उप्साला गाठलं. आपण हौसेने देश सोडला, त्यांनी नाइलाजाने.

तिथे १९२१मध्ये त्यांनी कुशीवर वळताना येणाऱ्या भोवळीचं वर्णन केलं, आणि बोट ठेवलं ते कानातल्या चुन्याच्या सूक्ष्म कणांच्या अवयवावर. गंमत म्हणजे या भोवळीत त्यांची पाण्याची चाचणी पुष्कळदा नॉर्मल येते. ती तपासते आडवी नलिका. निसटलेले कण बहुधा मागच्या नलिकेत शिरतात. म्हणून आम्ही मान वळवून रोग्याला झटकन आडवं करतो आणि डोळे बघतो. कण जागी नेण्याची युक्ती पोर्टलंडच्या डॉ. एप्लींनी १९९२मध्ये छापली. बाराणी १९३६मध्येच गेले, साठीला दोन आठवडे उरले असताना.