मोजक्या वॅटांत भरलेले सभागृह

तारीख १ नोव्हेंबर १९५४. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठावरचे रॉयल फेस्टिव्हल हॉल हे सभागृह तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते. खुर्च्या तीन हजारांच्या आसपास, आणि त्या संध्याकाळी तिकिटे संपलेली. एवढी गर्दी जमली होती ती मात्र कुणा बड्या गवयासाठी नव्हे. रंगमंचावर लाकडी पेट्या मांडून ठेवल्या होत्या, त्यांच्यात स्पीकर होते. लोक पैसे मोजून ध्वनिमुद्रिका ऐकायला आले होते, ज्या त्यांना घरच्या घरीही ऐकता आल्या असत्या.

या पेट्यांचा मालक त्रेसष्ट वर्षांचा एक यॉर्कशायरकर होता. गिल्बर्ट ब्रिग्ज त्याचे नाव. खेळ त्याने मोठा धोक्याचा मांडला होता. त्याच्या या कार्यक्रमांत वादक स्वतः रंगमंचावर वाजवी आणि लगेच त्याचेच ध्वनिमुद्रण स्पीकरमधून ऐकवले जाई. अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी उभे करून निवाडा थेट श्रोत्यांवर सोपवायचा! माल विकणारा माणूस सहसा अशा तुलनेपासून लांब पळतो. नक्कल फिकी पडली, तर तीन हजार माणसे घरी जाऊन दहा-दहा जणांना तेच सांगणार. ब्रिग्ज यांनी हे संकट आपणहून अंगावर घेतले, तेही आपल्याकडच्या कॉलेजच्या गॅदरिंगला लागतो तेवढाही वीजजोर हाताशी नसताना. ते कशाच्या भरवशावर, हे समजायला आधी त्यांचे पूर्वायुष्य पाहावे लागते.

ब्रिग्ज यांचा जन्म १८९० सालचा, ब्रॅडफर्ड शहराजवळचा. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरी कापडाची पेठ. तिथला मुलगा कापडाच्या धंद्यात जायचा, तसे तेही गेले आणि चाळिशी ओलांडेपर्यंत त्याच धंद्यात राहिले. विजेचे वा ध्वनीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. वेड होते ते पियानोचे. रेडिओ घरोघर आला तेव्हा त्यातून येणारा पियानो त्यांच्या कानाला पियानो वाटेना. ज्याने हे वाद्य स्वतःच्या बोटांनी वाजवले आहे, त्याला ते डबा वाजवल्यासारखे ऐकू येणे सोसत नाही. त्यातच १९३०च्या सुमारास जगभर मंदीची लाट आली आणि कापडाचा बाजार बसला. बेचाळिशीच्या उंबरठ्यावर बाकीची माणसे आहे ते सांभाळतात. ब्रिग्ज यांनी १९३२ साली इल्कली या गावी आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतला. इल्कली हे वॉर्फ नदीच्या खोऱ्यातले गाव. तिकडे खोऱ्याला डेल म्हणतात, म्हणून मालाचे नाव पडले वॉर्फडेल.

ब्रॅडफर्डच्या हौशी रेडिओ मंडळाने स्पर्धा ठेवली, तीत ब्रिग्ज यांच्या स्पीकरांनी पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक पटकावले. मग ब्रॅडफर्डमध्ये छोटी जागा भाड्याने घेतली गेली, आणि दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत वर्षाला नऊ हजारांच्या घरात स्पीकर बाहेर पडू लागले. युद्धानंतर कारखाना शेजारच्या आयडल नावाच्या गावी गेला. या नावाचा इंग्रजीतला अर्थ आळशी! तिथे कामगारांचा एक क्लबही आहे, म्हणजे ‘आळशी कष्टकरी मंडळ’ झाले. इतके उद्योगी गृहस्थ याच गावी येऊन राबावेत, याची गंमत वाटते.

स्पीकरबरोबर ब्रिग्ज यांची कंपनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही बनवीत असे. वरवर पाहता ही किरकोळ गोष्ट, पण खरी मेख तिथेच आहे. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून वीज निघते ती स्पीकरच्या तारेला थेट मानवत नाही. एकाचा दाब फार आणि प्रवाह थोडा, तर दुसऱ्याला प्रवाह हवा भरपूर. ट्रान्सफॉर्मर हा त्यांच्यातला मध्यस्थ. मध्यस्थ चुकला की चांगला अँप्लिफायर आणि चांगला स्पीकर, दोघेही वाया. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर बसवून तिला अर्ध्या इंचाचा पाइप जोडावा, तशातली गत. स्पीकरचा अडथळा ओहममध्ये मोजतात. त्या काळी इंग्लंडमधले बरेच चांगले स्पीकर १५ ओहमचे असत. आज बहुतेक ८ किंवा ४ ओहमचे असतात. ट्रान्झिस्टर आल्यापासून हा मध्यस्थ बहुतेक यंत्रांतून गेला, हिशेब मात्र राहिलाच. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले की अडथळा चार ओहमवर येतो आणि अँप्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. त्याची तेवढी तयारी नसेल तर तो तापतो, कधी जळतो. मागे ‘कमीत कमी इतके ओहम’ असे लिहिलेले असते, ते विकत घेताना कुणी वाचत नाही.

ब्रिग्ज यांना हे सामान्य गिऱ्हाइकाला समजावे असे वाटे. १९४८ साली त्यांनी स्पीकरवर एक छोटे पुस्तक काढले. भाषा घरगुती, मध्येच थट्टा, गणित जेवढ्यास तेवढे. ते इतके खपले की पुन्हा पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. मग ध्वनिपुनर्निर्मितीवर, पियानोवर, आणि १९५२ साली एका सहलेखकाबरोबर अँप्लिफायरवरही पुस्तक आले. स्पीकर विकणाऱ्याने अँप्लिफायरवर पुस्तक कशाला लिहावे? कारण गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचे ते स्पीकरची, आणि दोष पुष्कळदा दोघांच्या जोडीत असायचा.

अशी जोडी जमवायला त्यांना माणूस भेटला तो पीटर वॉकर. ब्रिग्ज यांच्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान. हंटिंग्डन या गावी त्यांचा कारखाना होता आणि क्वाड नावाचा त्यांचा अँप्लिफायर नुकताच नव्या रूपात बाजारात आला होता. तो घरगुती वापराचा होता, शक्ती १५ वॅट. फेस्टिव्हल हॉलमध्ये वॉर्फडेलच्या पेट्यांना जोडले ते हेच घरगुती अँप्लिफायर.

घरातल्या यंत्राने तीन हजारांचे सभागृह कसे भरते? याचे उत्तर वॅटमध्ये नाही, स्पीकरच्या संवेदनक्षमतेत आहे. एक वॅट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती आवाज करतो, तो हा आकडा. डेसिबलमध्ये सांगतात. यात तीन डेसिबलचा फरक म्हणजे वॅटचा दुपटीचा फरक, आणि सहाचा म्हणजे चौपट. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर १५ वॅटमध्ये जे करील, तेच करायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला ६० वॅट लागतील. उलट १५ वॅटचे ३० केले तर कानाला वाढ जाणवते ती थोडीच. ब्रिग्ज यांच्या वेळचे जड चुंबकाचे, मोठ्या पेटीतले स्पीकर थोड्या विजेत भरपूर बोलत. शिवाय वाद्येही निवडून घेतली जात. पूर्ण वाद्यवृंदाचा गडगडाट उभा करायची प्रतिज्ञा कुणी केली नव्हती. हे सभागृहही फारसे घुमणारे नव्हते. ध्वनिमुद्रणात एकदा उतरलेला घुमारा ऐकवताना पुन्हा चढतो, म्हणून कमी घुमणारी जागा अशा परीक्षेला बरी.

परीक्षा पार पडली. कार्यक्रम पुन्हा झाले आणि पुढच्या वर्षी, १९५५च्या ऑक्टोबरात, हाच संसार न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये थाटला गेला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघर डेक आले, तेव्हा खोक्यावर पीएमपीओ या चार अक्षरांपुढे हजार, दोन हजार वॅट असे आकडे छापलेले असत. क्षणाच्या एका तुकड्यात यंत्र जे दाखवू शकेल, त्याचा तो फुगवलेला हिशेब. सतत मिळणारी शक्ती त्यातून दहा-वीस वॅट निघाली तरी पुष्कळ. मीही असा एक आकडा पाहून यंत्र घरी आणले होते. आवाज अर्ध्याच्या वर नेला की तबला फुटक्या हंडीसारखा वाजे, आणि दोष मी स्पीकरला दिला. खरे तर अँप्लिफायरचा दम संपत होता. दम संपला की तो लहरींचे माथे कापतो, त्यातून कर्कश उंच स्वर तयार होतात आणि बारीक स्वरांचा छोटा स्पीकर आधी जळतो. म्हणजे दुबळा अँप्लिफायर पिळून काढणे हे पुरेशा शक्तीचा अँप्लिफायर बेताने वाजवण्यापेक्षा अधिक घातक. आजही दुकानात विचारायचे असेल तर सतत मिळणारे वॅट किती, किती ओहमवर, आणि स्पीकर किती डेसिबलचा, एवढे तीन प्रश्न विचारावेत. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून पुढचे कळते.

चौथा प्रश्न आपल्या खोलीला. ब्रिग्ज यांचा जीव या भागात फार रमे. पेटीच्या फळ्या थरथरल्या की स्वरात भेसळ होते, म्हणून दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये त्यांनी कोरडी वाळू भरली. वाळू कंप पिऊन टाकते. खोलीच्या कोपऱ्यात विटांची पेटी बांधायचीही कल्पना त्यांनी लोकांना दिली. घरातल्या बाईंनी यावर काय म्हटले असेल, याची नोंद नाही! पण कोपरा आणि भिंत खर्जाला बळ देतात हे खरे. आपल्या फरशी आणि पक्क्या भिंतींच्या खोलीत तर आवाज आधीच टणक होतो. तिथे महागडे यंत्र घेण्याआधी जाड पडदा आणि सतरंजी घालून पाहावी, स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढावेत.

१९५८ साली, सदुसष्टाव्या वर्षी, ब्रिग्ज यांनी कंपनी रँक या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. काही वर्षे तिथे काम पाहिले. त्यांच्या हाताखाली तांत्रिक बाजू सांभाळणारे रेमंड कुक बाहेर पडले आणि १९६१ साली त्यांनी केईएफ ही स्पीकरची कंपनी काढली. ब्रिग्ज लिहीत राहिले. १९६७ साली आलेले त्यांचे पुस्तक यंत्रावर नव्हते, माणसाच्या ऐकण्यावर होते. लेखकाचे वय तेव्हा शहात्तर. वय वाढते तसे उंच स्वर कानातून आधी जातात. ज्याने आयुष्यभर तेच स्वर नेमके उतरावेत म्हणून कागदी शंकू आणि चुंबके तपासली, त्याने हा विषय घ्यावा, हे वाचताना थोडे थांबायला होते.

१९७८ साली ते गेले. नंतर वॉर्फडेल आणि क्वाड दोन्ही नावांचे मालक बदलत राहिले. आज ही दोन्ही नावे चीनमध्ये कारखाने असलेल्या एकाच उद्योगसमूहाकडे आहेत.