पर्सी ज्युलियन : सोयाबीनमधून औषधं काढणारा रसायनशास्त्रज्ञ

दहावीला कार्बनी संयुगे शिकवताना सूत्रं येतात, माणसं फारशी येत नाहीत. म्हणून आज पर्सी लॅव्हन ज्युलियन यांच्याविषयी.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथे झाला. आजोबा गुलामगिरीत राहिलेले. गावात कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढची सरकारी शाळाच नव्हती. त्यामुळे इंडियानातील डेपॉ विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी राहिलेले शालेय विषय सोबतच भरून काढावे लागले. वाढप्याचं काम करत शिकले आणि १९२० मध्ये पहिले आले! पुढे हार्वर्डची पदवी घेतली, पण गोरी मुलं त्यांच्या हाताखाली शिकणार नाहीत म्हणून तिथे शिकवण्याची संधी नाकारली गेली. पीएच.डी. शेवटी १९३१ मध्ये व्हिएन्नात मिळाली.

डेपॉला परतून जोसेफ पिकल यांच्यासोबत १९३५ मध्ये त्यांनी फायसोस्टिग्मिन हे काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत तयार केलं. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन याच कामात होते. एवढ्या मोठ्या माणसाचं चुकतंय, असं ज्युलियन यांनी छापून सांगितलं आणि द्रवणांक जुळवून सिद्धही केलं. स्वतःच चुकले असते तर कारकीर्द तिथेच संपली असती. इतकं करूनही प्राध्यापकपद मिळालं नाही ते नाहीच.

मग १९३६ मध्ये शिकागोची ग्लिडन कंपनी. इथली टाकीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. सोयाबीन तेलाच्या भल्यामोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि पांढरा साका जमला. दुसऱ्या कोणी तेल नासलं म्हणून ओतून दिलं असतं. ज्युलियन यांनी ओळखलं, हे तर स्टिग्मास्टेरॉल! फायसोस्टिग्मिन ज्या कॅलबार बीतून मिळतं, तिच्यातही ते त्यांनी आधी पाहिलेलं होतं. यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवलं. संधिवातावरच्या कॉर्टिसोन गटातील औषधं स्वस्त करण्यातही त्यांचा मोठा वाटा. सोयाबीनच्या प्रथिनापासून आग विझवणारा फेस झाला, तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने वापरला.

नाव झालं, पैसा आला. १९५० मध्ये ओक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतलं, तर राहायला जाण्याआधीच ते पेटवण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी सुरुंगाची कांडी फेकली गेली. कुटुंब हललं नाही. बापलेक रात्री पहारा देत.

१९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. १९ एप्रिल १९७५ रोजी ते गेले. डेपॉच्या विज्ञान इमारतीला आता त्यांचंच नाव आहे.